५३-एन क्रमांकाची बाटली

परळला केईएम रुग्णालयाच्या आसपास आचार्य दोंदे मार्गावरून जाताना हाफकिन संस्थेची पाटी दिसते. आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी हे नाव पोहोचले ते पोलिओच्या डोसामुळे, नाही तर सापाच्या विषावरच्या लशीमुळे. माझ्या एका सुशिक्षित स्नेह्याला हाफकिन हे एखाद्या विलायती कंपनीचे नाव वाटत असे. ते माणसाचे नाव आहे, आणि त्या माणसाच्या आयुष्यातली सर्वांत चांगली आणि सर्वांत कडू वर्षे याच मुंबईत गेली, असे सांगितल्यावर तो चकितच झाला.

वाल्देमार हाफकिन यांचा जन्म १८६० साली रशियन साम्राज्यातील ओडेसा या बंदरात एका ज्यू कुटुंबात झाला. तेथील विद्यापीठात त्यांना इल्या मेचनिकोव्ह यांच्यासारखा गुरू लाभला. त्या काळी रशियात ज्यूंच्या वस्त्यांवर हल्ले होत. वस्तीच्या रक्षणासाठी उभ्या राहिलेल्या तरुणांत हाफकिनही होते. त्यात ते जखमी झाले, पकडले गेले, आणि मेचनिकोव्ह यांनी रदबदली केली म्हणून सुटले. पुढे धर्म बदलला तर प्राध्यापकी मिळेल असे त्यांना सुचविण्यात आले. त्यांनी धर्म बदलला नाही आणि प्राध्यापकीही मिळाली नाही. १८८८ साली त्यांनी देश सोडला. जिनिव्हात थोडे दिवस शिकविले आणि मग पॅरिसच्या नव्या पाश्चर संस्थेत एक जागा रिकामी होती ती पत्करली. जागा ग्रंथपालाची होती! पुस्तके लावून झाली की हे गृहस्थ प्रयोगशाळेत जाऊन बसत.

तेथेच त्यांनी पटकीवरची, म्हणजे कॉलऱ्यावरची लस तयार केली. १८९२ च्या जुलैत ती पहिल्यांदा टोचली ती स्वतःच्याच अंगात. ताप आला, अंग दुखले, आणि चार दिवसांत उतारही पडला. ससे आणि गिनीपिग यांच्यावर लस चालते हे त्यांना कळले होते. पण ज्या गावात पटकी आहे त्या गावातल्या माणसांवर ती चालते का, हा खरा प्रश्न होता. रशियाने त्यांना थारा दिला नाही. पॅरिसमधले ब्रिटिश राजदूत लॉर्ड डफरिन हे पूर्वी हिंदुस्थानचे व्हाइसरॉय होते. त्यांच्या खटपटीमुळे हाफकिन यांना हिंदुस्थानची वाट मोकळी झाली आणि १८९३ च्या मार्चमध्ये ते कलकत्त्याला उतरले.

येथून पुढे हाफकिन यांचा खरा स्वभाव दिसतो. लस टोचून मोकळे व्हायचे आणि लोक वाचले म्हणून ढोल वाजवायचे, हा त्यांचा पिंड नव्हता. १८९४ च्या मार्चमध्ये कलकत्त्याच्या कट्टल बागान या वस्तीत पटकी लागली. वस्ती दोनेकशे माणसांची. बंगाली डॉक्टरांच्या मदतीने त्यांनी ११६ जणांना लस टोचली आणि मग वस्तीवर नजर ठेवली. पुढे दहा जणांना पटकी झाली, त्यातले सात दगावले. हे दहाही जण न टोचलेल्यांपैकी होते. पाणी एकच, गल्ली एकच, हवा एकच; फरक फक्त सुईचा. तोच कागदावर उतरला पाहिजे, असा त्यांचा हट्ट होता. आज नव्या औषधाची परीक्षा घेताना एका गटाला औषध आणि दुसऱ्याला नाही अशी विभागणी करतात. त्या काळी ही रीत नव्हती, आणि बड्या डॉक्टरांचा अनुभव हाच पुरावा धरला जाई.

१८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आला. तो ओळखला गोव्याच्या डॉ. आकासिओ व्हिएगस यांनी. धोबी तलावाला मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. जुन्या घरांतून प्लेगाच्या आठवणी अजून निघतात. घरात उंदीर पडला की चूल विझवायची, भांडीकुंडी बांधायची आणि गावाबाहेर झोपड्या घालून राहायचे. माझ्या पणजीच्या तोंडी तर कोणतीही जुनी गोष्ट ‘पहिल्या प्लेगाच्या आधीची’ किंवा ‘नंतरची’ अशीच असे.

ऑक्टोबरात हाफकिन मुंबईस आले. ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांना एक खोली आणि तिला लागून असलेला व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. एवढ्या संसारावर त्यांनी तीन महिन्यांत प्लेगची लस केली. तिची कृती आपल्या गृहिणींना सहज कळेल. चंबूत मांसाचा पातळ रस्सा घ्यायचा. हिंदू आणि मुसलमान दोघांचीही अडचण नको म्हणून तो बोकडाच्या मांसाचा. वर तुपाचे थेंब सोडायचे. प्लेगचे जंतू त्या तुपाच्या तळाला चिकटून खाली लोंबत वाढतात, वळचणीला पाण्याच्या धारा लोंबाव्यात तसे. मधूनमधून चंबू हलवला की त्या धारा तुटून तळाशी बसतात आणि वर नव्या फुटतात. काही आठवड्यांनी सगळा रस तापवून जंतू मारायचे आणि वरून थोडे कार्बोलिक ॲसिड घालायचे. हे कार्बोलिक लक्षात ठेवावे. पुढे ते फार महाग पडणार आहे.

१० जानेवारी १८९७ रोजी कोणाला फारसे न कळू देता त्यांनी डॉ. सर्व्हेयर यांच्याकडून ही लस टोचून घेतली. लोकांना पुढे दिली त्याच्या कितीतरी पट मात्रा त्यांनी स्वतः घेतली होती. ताप चढला, दंड ठणकला. काम मात्र थांबले नाही. त्याच महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. तेथल्या दीडशेच्या आसपास कैद्यांनी लस घेतली, बाकीच्यांनी घेतली नाही. दिवसअखेर पाहता, टोचतेवेळीच ज्यांना रोग लागलेला होता ते वगळून, टोचलेल्यांत दोघांना प्लेग झाला आणि दोघेही वाचले. न टोचलेल्यांत बारा जणांना झाला, त्यातले सहा मेले. कैदी आपखुशीने पुढे आले असे नोंदले आहे. तुरुंगात खुशी कितपत मोकळी असते, असा प्रश्न आज आपल्या मनात येतोच. तो यायलाही हवा.

याच वर्षी पुण्यात सोजिरांकरवी घरे तपासण्याचा तो धुडगूस झाला, १० मार्चला रुग्णांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले प्लेगाने गेल्या, आणि जूनमध्ये चाफेकर बंधूंनी रँडवर गोळी झाडली. सरकारी उपायांविषयी लोकांच्या मनात इतका संताप होता की सुईकडेही संशयाने पाहिले जाई. हाफकिन यांचा मार्ग जबरदस्तीचा नव्हता. वजनदार माणसांनी आधी स्वतः टोचून घ्यावे, म्हणजे बाकीचे येतील, असे त्यांचे धोरण होते. तरुण आगाखान यांनी चारचौघांत लस टोचून घेतली, खोजा समाजातले हजारो लोक त्यांच्यामागे आले, आणि प्रयोगशाळेला राहायला आगाखानांनी बंगलाही दिला. पोर्तुगीजांच्या दमणमध्ये २,१९७ जणांनी लस घेतली, त्यांतले ३६ दगावले. न घेतलेल्या ६,०३३ जणांत १,४८२ मृत्यू झाले.

पण आकड्यांत मला सर्वांत अस्वस्थ करतात ते उंढेऱ्याचे. बडोदे संस्थानात बडोद्यापासून काही मैलांवर हे गाव. १८९८ च्या फेब्रुवारीत तेथे प्लेग जोरात होता. हाफकिन आणि त्यांचे सहकारी तेथे गेले, आणि प्रत्येक कुटुंबाची माणसे एकत्र बोलावून त्यांतील निम्म्यांना टोचले, निम्म्यांना तसेच ठेवले. एकच घर, एकच ओसरी, एकच धान्याची कणगी आणि तेच उंदीर. पुढे ज्या २८ घरांत प्लेग आला त्यांत टोचलेली माणसे होती ७१. त्यांतल्या आठ जणांना रोग झाला, तिघे गेले. न टोचलेली ६४ होती. त्यांतल्या २७ जणांना रोग झाला आणि २६ गेले.

सव्वीस! पुरावा म्हणून याला तोड नाही. पण एका आईने आपल्या दोन मुलांपैकी एकाला पुढे केले असेल आणि दुसरे मागे राहिले असेल, हे मनातून जात नाही. आज असे करायचे तर लेखी संमती, समिती आणि अर्धवटात प्रयोग थांबविण्याचे नियम असतात. हाफकिन यांच्या बाजूने एवढे म्हणता येते की लस खरेच वाचवते का, हे तेव्हा कोणालाच पक्के ठाऊक नव्हते, आणि न समजून घेता लाखोंना सुई टोचणे हेही काही पुण्य नव्हे. हे मला पटते, आणि तरीही ते २६ लोक डोळ्यांसमोरून हलत नाहीत.

सरकारने नेमलेल्या प्लेग कमिशनने त्यांच्या आकड्यांत पुष्कळ खोड्या काढल्या, पण लशीने रोग आणि मृत्यू दोन्ही कमी होतात हे मान्य केले. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसात प्लेग संशोधनाची प्रयोगशाळा सुरू झाली. जेथे गव्हर्नरसाहेबांच्या मेजवान्या झडत तेथे आता रश्श्याचे चंबू मांडले गेले. मागणी इतकी वाढली की १९०२ साली पंजाब सरकारला लाखो मात्रा हव्या होत्या. तेव्हा कामाला वेग यावा म्हणून हाफकिन यांनी कृती बदलली. कार्बोलिक ॲसिड वगळले आणि फक्त उष्णतेवर भिस्त ठेवली. पाश्चर संस्थेतही तीच रीत होती.

३० ऑक्टोबर १९०२. आज पाकिस्तानात असलेल्या पंजाबातील मुलकोवाल या खेड्यात १०७ लोकांना लस टोचली गेली. आठवड्याभरात त्यांपैकी १९ जणांचे जबडे बसले, अंगे ताठली. धनुर्वात! एकोणीसच्या एकोणीस मेले. त्या सर्वांना एकाच बाटलीतून लस दिली होती, क्रमांक ५३-एन. इतर बाटल्यांतून टोचलेल्या ८८ जणांना काहीही झाले नाही.

चौकशी समिती बसली. मुंबईचे सरन्यायाधीश सर लॉरेन्स जेंकिन्स तिचे अध्यक्ष. बाटली उघडण्यापूर्वीच, म्हणजे मुंबईतच, तिच्यात धनुर्वाताचे जंतू गेले असावेत आणि कार्बोलिक वगळले नसते तर हे टळले असते, असा समितीचा कल पडला. हाफकिन यांच्याकडून प्रयोगशाळा काढून घेतली गेली आणि १९०४ साली ते लंडनला निघून गेले. ज्या माणसाने एकेका कुटुंबाचा हिशेब ठेवून मगच तोंड उघडले, त्याच्याविरुद्ध मात्र अंदाज पुरेसा ठरला.

साक्षीत दुसरीही एक गोष्ट आली होती. त्या दिवशी बाटलीचे बूच काढताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला, आणि नीट उकळून न घेता तोच वापरला गेला. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात हे शाळकरी पोरालाही ठाऊक. शिवाय ती बाटली मुंबईत भरून ४१ दिवस झाले होते. एवढा काळ जंतू आत वाढत असते तर बूच निघताच घाण वास सुटला असता. उघडणाऱ्या डॉक्टरला तसा वास आला नव्हता. ही दुसरी बाजू लोकांपुढे ठामपणे मांडली रोनाल्ड रॉस यांनी. डास आणि मलेरियाचा संबंध सिकंदराबादेत शोधून नोबेल मिळविणारे तेच रॉस. समितीचा अहवाल जाहीर व्हायलाच १९०६ साल उजाडले. १९०७ च्या जुलैत लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये रॉस यांच्यासह दहा नामांकित शास्त्रज्ञांचे पत्र छापून आले, पार्लमेंटात प्रश्न विचारले गेले, आणि त्याच वर्षाच्या अखेरीस हाफकिन यांना पुन्हा हिंदुस्थानात बोलावणे आले.

पाच वर्षे गेली होती. परळची खुर्ची भरलेली होती, म्हणून त्यांना कलकत्त्याच्या प्रयोगशाळेत नेमले. तेथे वाचावे, लिहावे, जंतू वाढवावेत. पण माणसांवर लस टोचून पाहायची नाही! ज्याचे सारे जीवितकार्यच ते, त्याला अशी नोकरी म्हणजे गवयाला गाणे सोडून तंबोरा लावत बसविण्यासारखे होते. सहा-सात वर्षे तसे काढून १९१४ साली ते निवृत्त झाले आणि युरोपास परतले. लग्न केले नव्हते. उत्तरायुष्य त्यांनी धर्मचिंतनात घालविले आणि पुंजी पूर्व युरोपातल्या ज्यू पाठशाळांना दिली.

परळचे काम त्यांच्यावाचून चालूच राहिले. १९२५ पर्यंत तेथून प्लेगच्या लशीच्या २ कोटी ६० लाख मात्रा बाहेर पडल्या. पुढे प्रतिजैविके आली आणि प्लेग बरा करता येऊ लागला. १९९४ साली बीड जिल्ह्यातल्या मामला गावी आणि सुरतेला त्याने पुन्हा डोके वर काढले, तेव्हा धावपळ झाली ती टेट्रासायक्लिनच्या गोळ्यांसाठी.

१९२५ साली संचालक कर्नल मॅकी यांच्या पुढाकाराने प्रयोगशाळेला हाफकिन यांचे नाव दिले गेले. ते कळल्यावर हाफकिन यांनी मॅकींना आभाराचे पत्र लिहिले. आपल्या आयुष्याची उत्तम वर्षे मुंबईच्या कामात गेली, असे त्यात होते. मुलकोवालविषयी तक्रारीचा सूर नव्हता. १९३० च्या ऑक्टोबरात स्वित्झर्लंडमधील लोझान येथे ते वारले. नाव बदललेली ती पाटी त्यांनी स्वतः कधी पाहिली नाही.