डावखुरा बाळू

विश्वचषकाचे दिवस जवळ आले की आमच्या वसतिगृहात वह्या-पुस्तके मिटतात आणि एकच चर्चा रंगते : यंदा कोणता लिंबूटिंबू संघ कोणत्या बड्या संघाची खोड मोडणार? कोणी १९८३ काढतो. पुणेकर मुले हटकून २९ फेब्रुवारी १९९६ ही तारीख काढतात, कारण त्या दिवशी इथल्याच नेहरू स्टेडियमवर केनियाने अवघ्या १६६ धावा करूनही वेस्ट इंडीजला ९३ धावांत गुंडाळले होते. मी मात्र हळूच १९०६ म्हणतो आणि सगळे माझ्याकडे विचित्र नजरेने बघू लागतात. मी कॉलेजच्या संघातला कायमचा बारावा गडी, त्यातून डावखुरा फिरकी गोलंदाज! आम्हां डावखुऱ्यांना आपला मूळपुरुष शोधण्याची हौस असते. माझा शोध बाळू पालवणकरांपाशी येऊन थांबला.

घराणे कोकणातले, चर्मकार समाजातले. वडील लष्करात नोकरीला. बाळूंचा जन्म १८७६च्या सुमारास धारवाडला झाला. खेळाची ओळख मात्र पुण्याच्या लष्करी वस्तीत झाली. गोऱ्या अंमलदारांनी टाकून दिलेल्या बॅटी आणि चेंडू हेच या भावंडांचे साहित्य. पुढे पारशांच्या एका क्लबात मैदान झाडण्याचे आणि खेळपट्टीवर रोलर फिरवण्याचे काम महिना तीन रुपयांवर मिळाले. तेथून ते यूरोपियनांच्या पूना क्लबात गेले आणि पगार चार रुपये झाला. जाळी बांधायची, रेषा आखायच्या आणि साहेबांना सराव हवा असेल तेव्हा चेंडू टाकायचे. फलंदाजी हा साहेबांचा मान. तो बाळूंच्या वाट्याला येत नसे. जे. जी. ग्रेग नावाचा नामांकित फलंदाज तासन्‌तास त्यांच्याकडून सराव करून घेई आणि प्रत्येक वेळी बाद झाला की आठ आणे देई, असे सांगतात. गोष्ट खरी असो वा नसो, हजारो चेंडू टाकून बाळूंचा हात तयार झाला तो इथेच.

हा हात हिंदूंनाही हवा होता, पण हाताला शिवायचे कसे? पुण्याच्या हिंदू क्लबाने बरीच भवति न भवति करून त्यांना संघात घेतले. मैदानावर सगळे एकाच चेंडूला हात लावत. चहाची वेळ झाली की मंडळी आत जात आणि बाळूंना चहा बाहेर, मातीच्या भांड्यात मिळे. जेवणाचे ताट वेगळे, जागा वेगळी. तोंड धुवायचे तर मैदानाच्या कडेला त्यांच्यासाठी वेगळे पाणी आणले जाई. साताऱ्याच्या गोऱ्यांनी बाळूंच्या धास्तीने आठवडाभर खेळपट्टी दाबून घेतली होती म्हणतात. तरी त्यांनी सात बळी घेतले. मग पुण्यात जाहीर सत्कार झाला, न्यायमूर्ती रानड्यांनी हार घातला, पुढे टिळकांनीही गौरव केला. हार घालणारे हात आणि मातीचे भांडे पुढे करणारे हात एकाच गावातले होते. हे वाचताना माझे मन दर वेळी अडखळते.

प्लेगच्या काळात बाळू मुंबईला आले. लष्करात आणि मग बी. बी. अँड सी. आय. रेल्वेत नोकरी, आणि हिंदू जिमखान्याकडून खेळ. फेब्रुवारी १९०६ मध्ये हिंदूंनी मुंबईच्या यूरोपियनांना आव्हान दिले. पारशांनी गोऱ्यांना पूर्वी हरवले होते. हिंदूंना मात्र या खेळात कोणी हिशेबात धरत नव्हते. हिंदूंनी २४२ आणि १६० धावा केल्या. यूरोपियनांचे डाव १९१ आणि १०२ धावांत आटोपले. १०९ धावांनी विजय! आठ बळी बाळूंचे, आणि संघात त्यांचे धाकटे बंधू शिवरामही होते. विशेष म्हणजे मुंबईच्या ‘इंडियन सोशल रिफॉर्मर’ला धावांपेक्षा दुसरीच बातमी मोठी वाटली : हिंदू जिमखान्यात आता या भावांना इतरांबरोबर बसून खाता येत होते.

१९११ साली पतियाळाच्या महाराजांच्या नेतृत्वाखाली अखिल भारतीय संघ इंग्लंडला गेला. पहिल्या दर्जाच्या चौदा सामन्यांपैकी दोनच जिंकले, लेस्टरशायर आणि सॉमरसेट यांच्याविरुद्ध. सॉमरसेटविरुद्ध शिवरामांनी शतक ठोकले. हरणाऱ्या त्या संघात बाळूंनी दुखऱ्या खांद्याने सर्व सामन्यांत मिळून ११४ बळी घेतले. एवढ्यावर संघाचे नेतृत्व त्यांच्याकडे चालून यायला हवे होते, पण वर्षामागून वर्षे कर्णधार दुसराच होई. १९१३ मध्ये कर्णधार झालेल्या एम. डी. पै यांनी स्वतःच मोकळेपणाने सांगितले की हा मान वडीलधाऱ्या बाळूंचा होता.

पुढचे राजकारण मला नीट उलगडत नाही. तरुण आंबेडकरांना बाळूंचा फार अभिमान होता. तेच बाळू १९३७ साली मुंबईच्या निवडणुकीत काँग्रेसतर्फे आंबेडकरांसमोरच उभे राहिले आणि ११,२२५ विरुद्ध १३,२४५ मतांनी पडले. हा पराभव मला योग्यच वाटतो आणि तरी वाईटही वाटते. जुलै १९५५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

वसतिगृहात मी सांगतो ते मात्र १९२० सालचे. त्या वर्षी चौरंगी स्पर्धेत बाळूंना संघातून वगळले आणि पै आजारी असताना धाकट्या विठ्ठललाही डावलून नेतृत्व तिसऱ्याकडे दिले. विठ्ठल आणि शिवराम दोघेही संघाबाहेर पडले आणि त्यांनी आपली कारणे जाहीर पत्रकातून लोकांपुढे मांडली. बराच गवगवा झाला. पारशांविरुद्धच्या अंतिम सामन्याला पै परतले, भाऊ परतले आणि बाळूंना उपकर्णधार केले गेले. त्या सामन्यात पै आपणहून काही काळ मैदानाबाहेर गेले आणि तेवढा वेळ हिंदूंच्या संघाचे क्षेत्ररक्षण बाळूंनी लावले. तेव्हा ते चव्वेचाळीस-पंचेचाळीस वर्षांचे होते. तीन वर्षांनी, १९२३ साली, विठ्ठल रीतसर कर्णधार झाला.