वसईचा वेढा आणि वज्रेश्वरीचा नवस

नवरात्राच्या दिवसांत कल्याणच्या दुर्गाडीवर पहाटेपासून दर्शनाची रांग लागते. ठाणे, कल्याण, डोंबिवली येथील कित्येक घराण्यांत याच दिवसांत भिवंडीवरून वज्रेश्वरीस जाऊन देवीची ओटी भरण्याची प्रथा आहे. तानसेच्या काठी, उष्णोदकाच्या कुंडांच्या परिसरात उभे असलेले ते देवालय प्रथमदर्शनी एखाद्या गढीसारखे भासते, आणि त्यात नवल नाही. ज्याच्या नवसातून ते उभे राहिले, तो पुरुष दोन वर्षे एका किल्ल्याशी झुंजत होता. श्रीमंत चिमाजी अप्पांचे चरित्र आज वाचकांपुढे ठेवावे असे आम्हांस वाटते, ते केवळ त्यांच्या विजयासाठी नव्हे. त्या विजयाआधी त्यांच्या वाट्यास किती माघारी आल्या, हे सहसा सांगितले जात नाही.

अप्पांचा जन्म १७०७ सालचा. पेशवे बाळाजी विश्वनाथ व राधाबाई यांचे हे धाकटे पुत्र. वडील वारले तेव्हा अप्पा अवघ्या बारा-तेरा वर्षांचे होते. थोरले बंधू बाजीराव हे विजेसारखे तळपणारे, तर अप्पांची प्रकृती मुळातच नाजूक. १७३० च्या ऑगस्टात पुत्र सदाशिवाचा जन्म झाला आणि महिना लोटण्यापूर्वीच पत्नी रखमाबाई निवर्तल्या. दुखणे आणि दुःख दोन्ही पाठीशी घेऊनच या पुरुषाने उभे आयुष्य काढले.

रणातही पहिले यश त्यांना निर्भेळ लाभले नाही. २९ नोव्हेंबर १७२८ रोजी अमझेऱ्यास त्यांनी माळव्याच्या मोगली सुभेदाराचा पाडाव केला आणि त्याच वेगाने उज्जैनीस वेढा घातला. पण उज्जैनी काही हाती आली नाही. मोकळ्या मैदानातील लढाई आणि तटबंदीविरुद्धची लढाई या दोन निराळ्या विद्या आहेत, हा धडा त्यांना तेव्हा मिळाला. पुढे १७३६ च्या एप्रिलात रेवसनजीक जंजिऱ्याचा सिद्दी सात त्यांच्या फौजेकडून मारला गेला. परशुराम क्षेत्राचा विध्वंस करणारा तो हाच. ब्रह्मेंद्रस्वामींच्या अंतःकरणातील शल्य त्या दिवशी निघाले.

आता उरले होते फिरंगी. साष्टीपासून वसईपावेतोचा मुलूख दोनशे वर्षे पोर्तुगीजांकडे होता आणि तेथील हिंदू रयतेस आपले धर्मसंस्कार उजळ माथ्याने करणे कठीण झाले होते. भिवंडीजवळच्या अंजूर गावचे गंगाजी नाईक व त्यांचे बंधू या मुक्ततेसाठी वर्षानुवर्षे पुण्याचे उंबरठे झिजवीत होते. त्यांची चिकाटी हा स्वतंत्र लेखाचा विषय आहे. साष्टीच्या बखरीत ती कथा आली आहे.

ठाण्याच्या खाडीवर पोर्तुगीज नवा कोट बांधीत होते. तो पुरा होण्याच्या आतच १७३७ च्या वसंतात मराठी फौजा रातोरात खाडी ओलांडून ठाण्यात शिरल्या. हा कोट म्हणजेच आजचे ठाण्याचे मध्यवर्ती कारागृह. पारसिक, बेलापूर, घोडबंदर अशी ठाणी पाठोपाठ पडली आणि वसईही आठ-पंधरा दिवसांत पडेल, असा भरवसा फौजेस वाटू लागला.

तो भरवसाच महाग पडला. वसईच्या कोटास तीन बाजूंनी पाणी आणि दलदल, जमिनीच्या एकाच बाजूने जाण्यास वाट, आणि तिकडे भक्कम बुरूज. त्या वर्षीच्या पावसाळ्यात शिड्या लावून तटावर चढण्याचे यत्न झाले. ते तोफा-बंदुकांच्या माऱ्याने उधळले गेले. नामांकित सरदार जखमी झाले. समुद्रमार्गे गोव्याहून येणारी रसद काही थांबेना. त्यातच थोरल्या बंधूंनी भोपाळास निजामास कोंडले, तेव्हा दक्षिणेतून निजामाच्या पुत्रास कुमक नेता येऊ नये म्हणून अप्पांना तापीकाठी वरणगावास तळ द्यावा लागला. इकडे कोकणात १७३८ च्या आरंभी माहीमचा वेढाही उठवावा लागला. येथील माहीम म्हणजे केळवे-माहीम होय, मुंबईचे नव्हे. वर्षभराच्या श्रमाअंती पाहावे तर वसई जागच्या जागी होती आणि फौज थकलेली होती.

अप्पांचे मोठेपण आम्हांस येथे दिसते. अपयशाचे खापर त्यांनी कोणा सरदारावर फोडले नाही आणि त्याच तटावर त्याच शिड्या पुन्हा लावण्याचा हट्टही धरला नाही. कोट बळाने पडत नसेल तर त्याचा श्वास तोडला पाहिजे, हे त्यांनी ओळखले. १७३८ च्या अखेरीस ठाणे परत घेण्यासाठी चालून आलेला पोर्तुगीज सेनापती पेद्रु द मेलु तोफेच्या गोळ्याने ठार झाला, आणि अप्पा स्वतः कोकणात उतरले. व्यंकटराव घोरपडे यांनी गोव्याकडे चढाई करून तेथील कुमक अडवून धरली. गतवर्षी ज्या माहीमने माघार घ्यावयास लावले, ते १७३९ च्या जानेवारीत काबीज झाले. पाठोपाठ तारापूर पडले. तेथे बाजी भिवराव रेठरेकर यांच्यासारखा मोहरा खर्ची पडला. एकेक ठाणे घेत घेत फेब्रुवारीत वसईभोवतीचा फास पुरता आवळला गेला.

तरीही कोट तीन महिने झुंजला. मराठ्यांनी आता जमिनीखालून सुरुंग नेले. ते कित्येकदा शत्रूने हुडकून निकामी केले. मे महिन्यातील अखेरच्या हल्ल्यात काही सुरुंगांनी तटास खिंडारे पाडली, पण जो वेळेवर उडाला नाही तो आपलेच लोक चढत असता उडाला. वीर मागे फिरले, पुन्हा चढले. माणसे किती कामास आली याचे आकडे निरनिराळे दिले जातात. हजारोंनी आली एवढे खरे. अशा एका घटकेस अप्पांनी सरदारांस बोलावून, कोट घेणे होत नसेल तर आपले मस्तक तोफेस बांधून तेवढे तरी आत पडेल असे करा, म्हणून सांगितल्याची आख्यायिका महाराष्ट्रात घरोघर ठाऊक आहे. ती अक्षरशः घडली की नाही याचा वाद पंडितांनी घालावा. त्या दोन वर्षांनंतर अप्पांच्या मनाची अवस्था तशीच असली पाहिजे, याविषयी आम्हांस संदेह नाही.

कोटाने पांढरे निशाण दाखविले. येथवर इतके रक्त सांडल्यावर सूड उगवणे सोपे होते; पण अप्पांनी शत्रूच्या शिबंदीस शस्त्रांनिशी मानाने जाऊ दिले, बायकामुलांस व चीजवस्तूस धक्का लागू दिला नाही, सामान हलविण्यास आठ दिवसांची मुदत दिली, आणि मागे राहू इच्छिणाऱ्या ख्रिस्ती रयतेस तिच्या धर्माप्रमाणे वागण्याची मुभा राखली.

मोहिमेच्या काळात अप्पांनी वज्रेश्वरीस साकडे घातले होते, की वसई हाती आली तर तुझे देवालय बांधीन. आणि देवीने स्वप्नात येऊन वाट दाखविली, अशी भाविकांची श्रद्धा आहे. यश येताच वसईचे सुभेदार शंकराजी केशव यांच्या हस्ते वडवलीस नवे मंदिर उभे राहिले.

अप्पांना मात्र ते यश फार दिवस भोगता आले नाही. एप्रिल १७४० मध्ये नर्मदाकाठी बाजीरावांनी देह ठेवला. ज्यांच्यासाठी मोहिमांचा भार वाहिला, ते बंधूच गेले. जुने दुखणे बळावले आणि त्याच वर्षी १७ डिसेंबरला पुण्यात वयाच्या अवघ्या तेहतिसाव्या वर्षी अप्पाही निघून गेले. मागे राहिला आजी राधाबाईंच्या छायेत वाढणारा दहा वर्षांचा सदाशिव. उदगीरचे विजेते आणि पानिपतावर झुंजलेले भाऊसाहेब ते हेच.