शीत नेमकं कोणतं चेपायचं?

भात शिजला का ते बघायला आपण एक शीत चेपतो. पण कधी वरचं शीत मऊ असतं अन् मधला भात कच्चाच! मैत्रिणींनो, कोणतं शीत उचलायचं, किती उचलायची, याचं गणित मांडण्यात पां. वा. सुखात्मे यांचं आयुष्य गेलं.

जन्म २७ जुलै १९११चा, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचा. फर्ग्युसनमधून पदवी घेऊन ते लंडनला गेले, १९३६ साली पीएच.डी. झाले. तिथे नेमन या गुरूंकडून ते शिकले, की जिथे सगळं सारखंच तिथे थोडे नमुने पुरतात. जिथे फरक फार, तिथे जास्त घ्यावे लागतात.

१९४० साली ते दिल्लीला शेती संशोधन परिषदेत रुजू झाले. तेव्हा पिकाचा अंदाज गावकामगार नजरेनेच सांगत. १९४३ला बंगालात दुष्काळ पडला, लाखो माणसं गेली. देशात धान्य किती, हे नीट कळणं किती गरजेचं होतं बघा! सुखात्म्यांनी चिठ्ठ्या टाकल्यागत शेतं निवडली. तिथलं पीक कापून, मळून, वजन करून अंदाज काढायची पद्धत बसवली. चांगलं दिसणारं शेत निवडायची मुभाच नाही.

महालनोबिसांसारख्या मोठ्या माणसाशीही त्यांचा वाद झाला. तुकडा फार लहान घेतला तर कडेची झाडं आत धरली जातात अन् पीक फुगून दिसतं, हे त्यांनी प्रयोगांनी दाखवून दिलं.

आपल्या नांदेड-लातूरच्या मुली पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टिंग करतात ना, त्यांच्यापुढेही हाच पेच असतो. एका फॉर्ममध्ये दहा रकाने, प्रत्येकात दहा पर्याय, म्हणजे एक हजार कोटी प्रकार झाले! सगळे कोण तपासणार? मग चूक निघायची शक्यता जिथे जास्त, तिथे जास्त तपासायचं. शंभरात एकदा बिघडणारं सॉफ्टवेअर चिठ्ठीने निवडलेल्या ३०० चाचण्यांतून बिनचूक सुटायची शक्यता पाच टक्क्यांहून कमी असते. सोयीच्या चाचण्या निवडल्या, की हा हिशेब कोलमडला.

१९५१ला सुखात्मे रोमला जागतिक अन्न संघटनेत गेले, पुढे पुण्याला परतले. १९७१ला पद्मभूषण मिळालं. २८ जानेवारी १९९७ला ते गेले.

सोयाबीनच्या विम्याची भरपाई ठरवताना आजही पीक कापणी प्रयोग धरला जातो. तुमच्या शेताचा नंबर लागला तर बांधावर उभं राहून दोरीकडे लक्ष ठेवा बाई. दोरीबाहेरची झाडं आत धरली, तर उतारा वाढतो अन् भरपाई घटते.