काराव्हाज्यो : ज्यानं संतांचं मरणही साध्या माणसांसारखं रंगवलं

१५७७ साली प्लेगनं वडील आणि आजोबा नेले, तेव्हा काराव्हाज्यो सहा वर्षांचा होता. पुढे रोममधल्या एका चर्चसाठी त्यानं मेरीमातेचा मृत्यू रंगवला. त्यात ना देवदूत, ना स्वर्ग. फक्त सुजलेलं प्रेत आणि उघडे पाय. पाद्र्यांनी चित्र नाकारलं.

१६०६ मध्ये मारामारीत त्याच्या हातून खून झाला. मृत्युदंड चुकवत गडी पळत सुटला. १६०८ मध्ये सिसिलीतल्या सिराक्यूजला त्यानं संत ल्युसीचं दफन रंगवलं. सगळ्यात पुढे खड्डा खणणारे दोन धिप्पाड मजूर, संत मात्र मागे जमिनीवर आणि वरचा निम्मा कॅनव्हास नुसती रिकामी भिंत!

माफीच्या आशेनं तो परत निघाला, पण १६१० मध्ये वाटेतच पोर्तो एर्कोलेला वारला. वय ३८. त्याची कबर नेमकी कुठे, यावर अजून वाद आहे.