चांगुलपण शोधणारे डोळे : फादर थॉमस स्टीफन्स



आपल्या धाराशिव जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांची गोष्ट आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. संतांचा मेळा जमला होता. काकांनी कुंभाराचे थापटणे हाती घेतले, एकेकाच्या डोक्यावर थापटले आणि कोणते मडके पक्के, कोणते कच्चे ते सांगितले. त्या दिवशी नामदेव कच्चे ठरले. पण कच्चे म्हणून त्यांना कोणी टाकून दिले नाही. पुढे त्यांना गुरू लाभले आणि तेही पक्के झाले.

आपणही रोज माणसांना थापटून पाहतो. शेजारी, भावकी, पलीकडच्या वस्तीतले, दुसऱ्या धर्माचे, कोणालाच सोडत नाही. फरक एवढाच की कच्चे सापडले की आपण तिथेच थांबतो. म्हणून या रविवारी आपण अशा एका धर्मगुरूंचे जीवन पाहू या, ज्यांना एका प्रदेशातल्या लोकांविषयी मनात कायमची अढी धरायला पुरेसे कारण होते. त्यांनी ती धरली नाही. म्हणूनच आपल्या मराठीला एक अनमोल ग्रंथ मिळाला.

थॉमस स्टीफन्स यांचा जन्म 1549 च्या सुमारास इंग्लंडमधील विल्टशर परगण्यात झाला. एलिझाबेथ राणीच्या काळात तेथे कॅथलिक श्रद्धेने जगणे धोक्याचे झाले होते. मिस्सा लपूनछपून करावी लागे. थॉमस पाउंड नावाच्या श्रद्धावंत मित्राबरोबर ते काही काळ त्याच्या नोकराच्या वेषात वावरले. दोघांनी मिळून रोमला जायचे ठरवले होते, पण पाउंड पकडले गेले आणि त्यांच्या आयुष्याची सुमारे 30 वर्षे तुरुंगात गेली. स्टीफन्स एकटेच रोमला पोहोचले आणि 1575 साली येशूसंघात दाखल झाले. केवळ श्रद्धेमुळे आपल्याच देशात संशयाच्या नजरेने पाहिले जाणे म्हणजे काय, हे त्यांनी स्वतः भोगले होते.

4 एप्रिल 1579 रोजी ते लिस्बनहून जहाजाने निघाले आणि 24 ऑक्टोबरला गोव्यात उतरले. त्या काळी आपल्या मराठवाड्यात पैठणला संत एकनाथ हयात होते. मराठी ओवी घराघरांत आणि देवळांत गायली जात होती. स्टीफन्स यांना गोव्याच्या साष्टी भागात सेवेसाठी पाठवण्यात आले आणि उरलेले आयुष्य बहुतेक त्यांनी तिथेच घालवले.

साष्टीतले वातावरण तापलेले होते. पोर्तुगीज सत्तेने तेथील देवळे पाडली होती, गावे जाळली होती. लोकांच्या मनात राग खदखदत होता. त्यातच जुलै 1583 मध्ये फादर रुडॉल्फ अक्वाविवा आणि त्यांचे चार सोबती चर्चसाठी जागा पाहायला कुंकळ्ळी गावात गेले. फादर रुडॉल्फ नुकतेच अकबर बादशहाच्या दरबारातून परतले होते. गावकऱ्यांनी हल्ला केला. पाचही येशूसंघीय ठार झाले आणि त्यांच्याबरोबरचे काही स्थानिक ख्रिस्ती लोकही मारले गेले. मृतदेह विहिरीत टाकण्यात आले. ते परत मिळवून त्यांचे दफन करण्याची जबाबदारी फादर स्टीफन्स यांच्यावर आली.

पुढे सत्तेने सूड घेतला. गावच्या प्रमुखांना बोलणी करायची म्हणून असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून ठार करण्यात आले. ही गोष्ट सांगताना आपली मान खाली जाते, पण ती लपवून चालणार नाही. त्या पाच जणांना 1893 साली पोप लिओ तेरावे यांनी धन्यवादित घोषित केले. त्यांची आठवण करताना कुंकळ्ळीच्या त्या प्रमुखांसाठीही आपण प्रार्थना करायला हवी.

आता विचार करा. आपल्याच संघातल्या बांधवांचे देह विहिरीतून आलेले ज्याने पाहिले, त्याच्या मनात त्या लोकांविषयी काय उरेल? आपल्या बाबतीत बांधावरून एक भांडण झाले, तर दोन पिढ्या बोलणे बंद राहते.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये, म्हणजे अवघ्या तीन महिन्यांनी, स्टीफन्स यांनी आपल्या भावाला एक पत्र लिहिले. त्यात त्यांनी इथल्या भाषांचे कौतुक केले. या भाषांचे उच्चार कानाला गोड लागतात आणि त्यांची रचना ग्रीक व लॅटिनशी जुळते, हे त्यांच्या ध्यानात आले होते. युरोपातल्या पंडितांना हे नाते उमगायला पुढे दोनशे वर्षे लागली. दुःख ताजे असतानाही त्यांचे कान उघडे होते. या लोकांजवळ काय सुंदर आहे, हे ते ऐकत होते.

ऐकता ऐकता ते शिकले. ते कोंकणी शिकले, मराठी शिकले आणि पुराणे ओवीत कशी गातात तेही शिकले. बाप्तिस्मा घेतलेल्या लोकांची एक व्यथा त्यांना कळली. जुनी पुराणे सुटली होती, पण त्यांच्या जागी गायला काहीच नव्हते. परक्या भाषेतल्या प्रार्थना ओठांवर येत, पण मनात शिरत नसत. पुराणाची ही ओढ वाईट आहे, ती मोडून काढा, असे कोणी म्हणू शकले असते. तसे म्हणणारे त्या काळी पुष्कळ होते. फादर स्टीफन्स यांना त्या ओढीत देवाची भूक दिसली.

1616 साली रायतूरच्या छापखान्यात त्यांचा ग्रंथ छापून झाला. त्यालाच आपण ख्रिस्तपुराण म्हणतो. सृष्टीच्या निर्मितीपासून प्रभू येशूच्या स्वर्गारोहणापर्यंतची कथा त्यात सुमारे अकरा हजार ओव्यांत सांगितली आहे. स्वर्गाला त्यांनी वैकुंठ म्हटले. आपल्या आज्यांनी जात्यावर गायली तीच ओवी त्यांनी ख्रिस्तासाठी वापरली. मराठीची थोरवी सांगताना तर त्यांनी रत्ने, फुले आणि सुगंध यांच्या उपमा दिल्या. ग्रंथ देवनागरीत छापता यावा म्हणून त्यांनी 1608 साली रोमला आपल्या संघप्रमुखांना लिहिलेही होते. ते संघप्रमुख, फादर क्लॉडिओ अक्वाविवा, कुंकळ्ळीत मारल्या गेलेल्या फादर रुडॉल्फ यांचे काका होते. देवनागरीची ती इच्छा पुरी झाली नाही. पुस्तक रोमन लिपीत निघाले.

एक गोष्ट मात्र नीट समजून घेऊ या. इतरांमधले चांगले पाहणे म्हणजे आपली श्रद्धा पातळ करणे नव्हे. मूर्तिपूजा त्यांना मान्य नव्हती आणि तसे त्यांनी ग्रंथात स्पष्ट लिहिले. ख्रिस्तच तारणारा आहे, हे ते ठामपणे सांगत राहिले. पण ठाम राहण्यासाठी समोरच्याला हलके लेखावे लागत नाही, हे त्यांना कळले होते.

1619 मध्ये ते गोव्यातच देवाघरी गेले. त्यांनी लिहिलेले कोंकणीचे व्याकरण 1640 मध्ये छापले गेले. ख्रिस्तपुराणाच्या जुन्या छापील प्रती काळाच्या ओघात नाहीशा झाल्या, पण लोकांनी हाताने नकला करून ते जपले. 1907 मध्ये मंगळूरला ते पुन्हा छापले गेले आणि 1956 मध्ये पुण्यात देवनागरीत आले. ज्या लिपीची त्यांना आस होती, तिच्यात ते साडेतीनशे वर्षांनी का होईना, पोहोचले.

शुभवर्तमानात नथनेलची गोष्ट आहे. नाझरेथसारख्या गावातून काही चांगले निघेल, यावर त्याचा विश्वास नव्हता. प्रभू येशूने मात्र त्याच नथनेलकडे पाहून त्याच्या निष्कपट मनाची वाखाणणी केली. ज्याने येशूच्या गावाला नावे ठेवली, त्याच्यातले चांगले येशूने पहिल्या भेटीतच हेरले. फादर स्टीफन्स यांच्याकडे हीच नजर होती.

या आठवड्यात आपण एक करू या. ज्याचे नाव काढताच आपल्या कपाळाला आठी पडते, असा एक माणूस आठवू या आणि त्याच्यातली एक खरी चांगली गोष्ट शोधू या. ती घरात जेवताना मोठ्याने सांगू या, म्हणजे मुलांच्याही कानावर पडेल. जमले तर त्याच्या दारात जाऊन त्यालाच सांगू या. पुढच्या रविवारी मिस्सेला येताना तेवढी भेट वेदीसमोर ठेवता येईल.

हे प्रभो, आमच्या जखमा तुला ठाऊक आहेत. ज्यांनी आम्हांला दुखावले, त्यांच्यात तू पेरलेले चांगुलपण पाहायला आम्हांला डोळे दे. आमेन.