‘साल्मोनेला’ हे नाव कोणाचे? डॉ. डॅनियल साल्मन आणि निरोगी दिसणारे कासव

टायफॉइडच्या तपासणी अहवालात ‘साल्मोनेला’ हा शब्द तुम्ही वाचला असेल. हे नाव डॉ. डॅनियल एल्मर साल्मन या अमेरिकन पशुवैद्यांवरून पडले.

त्यांचा जन्म १८५० मध्ये न्यू जर्सीत झाला. आईवडील लहानपणीच गेले. नातेवाइकांकडे वाढताना त्यांनी शेतावर काम केले. कॉर्नेल विद्यापीठाच्या पहिल्याच तुकडीत शिकून १८७६ मध्ये त्यांनी पशुवैद्यकातील डॉक्टर ही पदवी घेतली. अमेरिकेत ती मिळवणारे ते पहिलेच. १८८४ पासून ते सरकारच्या पशुरोग विभागाचे प्रमुख होते.

त्या काळी ‘हॉग कॉलरा’ने डुकरे मोठ्या संख्येने मरत. साल्मन यांचे सहकारी थिओबाल्ड स्मिथ यांना १८८५ मध्ये आजारी डुकरांत एक जिवाणू सापडला. तोच रोगाचे कारण आहे, असे दोघांनाही वाटले. १९०० मध्ये या जिवाणूंच्या गटाला साल्मन यांचे नाव मिळाले. पण पुढे कळले, की हा रोग विषाणूमुळे होतो. तो जिवाणू निरोगी डुकरांच्या आतड्यातही असतो आणि प्राणी अशक्त झाला की संधी साधतो.

साल्मन यांनी नंतर उरुग्वेत पशुवैद्यकीय शाळा चालवली. १९१४ मध्ये न्यूमोनियाने त्यांचे निधन झाले.

डुकरांप्रमाणेच कासवांच्या आतड्यातही साल्मोनेला असतो. फार्ममध्ये वाढवलेले, अगदी तरतरीत कासवही तो विष्ठेतून टाकीच्या पाण्यात सोडते. लहान मुलांना झालेल्या संसर्गांमुळे अमेरिकेने १९७५ मध्ये चार इंचांपेक्षा लहान कवचाची कासवे पाळण्यासाठी विकण्यावर बंदी घातली. टायफॉइडचा साल्मोनेला मात्र वेगळा. तो फक्त माणसांत राहतो, कासवापासून होत नाही.

घरात कासव असेल तर एवढे करा:

• कासवाला किंवा टाकीला हात लावल्यावर साबणाने हात धुवा.
• टाकी स्वयंपाकघरात धुऊ नका.
• पाच वर्षांखालील मुले, वृद्ध, गरोदर स्त्रिया आणि प्रतिकारशक्ती कमी असलेले रुग्ण यांना कासवापासून दूर ठेवा.
• कासवाची तपासणी एकदा निर्दोष आली, तरी निर्धास्त होऊ नका. जिवाणू अधूनमधूनच बाहेर पडतो.

ताप, पोटात मुरडा किंवा रक्ताचे जुलाब झाल्यास डॉक्टरांकडे जा आणि घरात कासव आहे, हे आवर्जून सांगा.