जपानी श्वानवर्ष आणि आपले भाऊसाहेब



आधी दर्यापूरच्या एका पालकसभेतला प्रसंग सांगते. सभा संपली, सगळे निघून गेले, एक वडील मात्र दाराशी थांबले. त्यांच्या मोबाइलवर कुणीतरी जपानी राशींचा व्हिडिओ पाठवला होता. मुलाचा जन्म 2018 चा, म्हणून त्याचं वर्ष निघालं कुत्र्याचं. अशी माणसं राखणीच्या आणि सांगकाम्याच्या कामाची, असं त्यात होतं. आपलं पोट्टं वाचनात मागं काहून पडते, याचं उत्तर त्यांना मिळून गेलं होतं. आता शिकवणी कशाला लावायची, वावराचंच काम शिकवू, असं त्यांचं म्हणणं.

मी वाद घातला नाही. त्याच वर्षाच्या एका माणसाची गोष्ट सांगू का, एवढंच विचारलं. तीच आज तुम्हालाही सांगते.

श्वानवर्ष म्हणजे काय?

जपानमध्ये बारा वर्षांचं एक चक्र मानतात. त्याला एतो म्हणतात. मूळ कल्पना चीनची. उंदीर, बैल, वाघ, ससा, ड्रॅगन, साप, घोडा, मेंढी, माकड, कोंबडा, कुत्रा आणि रानडुक्कर असा त्याचा क्रम. कुत्रा अकरावा. आपली रास जन्माच्या वेळच्या चंद्रावरून ठरते, ही मात्र जन्माच्या वर्षावरून. त्यात लाकूड, अग्नी, माती, धातू आणि पाणी ही पाच तत्त्वं मिसळली की साठ वर्षांचं मोठं चक्र तयार होतं. त्या हिशेबाने 1898, 1958 आणि 2018 ही तिन्ही वर्षं मातीच्या कुत्र्याची.

आपल्याकडे कुत्रा म्हटलं की शिवी वाटते. पण दत्ताच्या पायाशी आणि खंडोबाजवळ कुत्रा असतोच ना? जपानमध्ये तर तो शुभ. कुत्रीची प्रसूती सुखरूप होते, म्हणून तिथे गरोदर बाईला पाचव्या महिन्यात कुत्र्याच्या दिवशी देवदर्शनाला नेतात आणि पोटाला पट्टा बांधतात. या वर्षी जन्मलेला माणूस निष्ठावान, प्रामाणिक, अन्यायाची चीड असलेला, पण हट्टी आणि काळजी करणारा असतो, असं तिथे मानतात.

पापळचा मुलगा

आता गोष्ट. 27 डिसेंबर 1898 रोजी आपल्याच अमरावती जिल्ह्यात, पापळ गावी, शामराव आणि राधाबाई देशमुख यांच्या शेतकरी घरात एक मुलगा जन्मला. ओळखलंत ना? डॉ. पंजाबराव देशमुख, आपले भाऊसाहेब. वर्ष मातीच्या कुत्र्याचंच.

पापळच्या शाळेत पुढचे वर्ग नव्हते. शिकायचं तर गाव सोडणं भाग होतं. मुलाने ते सोडलं. अमरावतीत मॅट्रिक झाला, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात गेला. पुढे विलायतेला जायचं म्हणाला, तेव्हा घरात पैसा नव्हता. वडिलांनी जमीन गहाण टाकली. वऱ्हाडातल्या शेतकऱ्याने जमीन गहाण टाकणं म्हणजे काय, हे तुम्हाला सांगायला नको.

1920 मध्ये ते इंग्लंडला गेले. एडिंबरोला एम. ए., मग बॅरिस्टर आणि ऑक्सफर्डची डॉक्टरेट. वेदवाङ्मयात धर्माचा उगम आणि विकास कसा झाला, हा त्यांच्या प्रबंधाचा विषय. पोथीत लिहिलंय म्हणून मान डोलवायची नाही, कुठून आलं ते शोधायचं, ही सवय तिथे पक्की झाली.

1926 मध्ये ते परतले. बॅरिस्टरी करून आरामात राहता आलं असतं. पण अमरावतीत त्यांनी श्रद्धानंद छात्रालय सुरू केलं, सगळ्या जातींच्या मुलांसाठी. 1927 मध्ये अंबादेवीच्या मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा म्हणून झालेल्या चळवळीत उतरले. त्याच वर्षी विमलाबाईंशी आंतरजातीय विवाह केला. जिल्हा कौन्सिलचे अध्यक्ष झाल्यावर सार्वजनिक विहिरी अस्पृश्यांना खुल्या केल्या. 1930 मध्ये मध्य प्रांत-वऱ्हाडचे मंत्री झाले आणि कर्जात बुडालेल्या शेतकऱ्यासाठी कर्ज लवादाच्या कायद्याचा पाठपुरावा केला. 1932 मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्था उभी राहिली. आपल्या दर्यापूरचं जे. डी. पाटील सांगळूदकर महाविद्यालय त्याच संस्थेचं.

पुढे संविधान सभेचे सदस्य आणि 1952 पासून दहा वर्षं केंद्रात कृषिमंत्री. इथे जपान खरोखरच त्यांच्या गोष्टीत येतो, पण राशी घेऊन नाही. 1953 मध्ये देशभर जपानी भातशेती पद्धतीची मोहीम सुरू झाली. गादीवाफ्यावर रोपं करायची, बियाणं कमी वापरायचं, लावणी ओळीत करायची, वेळेवर निंदण आणि भरपूर खत. जपानकडून घ्यायचं ते काय, हे इथे दिसतं. 1955 मध्ये त्यांनी भारत कृषक समाज स्थापला. 1959 च्या डिसेंबरात दिल्लीत जागतिक कृषी प्रदर्शन भरवलं. 10 एप्रिल 1965 रोजी ते गेले. चार वर्षांनी अकोल्यात कृषी विद्यापीठ झालं. आज त्याला त्यांचंच नाव आहे.

रास जुळली का?

इथे ते वडील खुश झाले. म्हणाले, जुळलं की सगळं! निष्ठा शेतकऱ्याशी, चीड अन्यायाची, हट्ट शिक्षणाचा. वरून तत्त्व माती आणि खातं शेतीचं!

मलाही क्षणभर तसंच वाटलं. मग मी त्यांना म्हटलं, समजा भाऊसाहेबांचं वर्ष वाघाचं असतं तर? मंदिराच्या दारात उभं राहायला वाघाचं काळीज लागतं, असं आपण म्हटलं असतं. बैलाचं असतं तर? कष्टाळू, शेतीचा सोबती. तेही जुळलं असतं. माणसाचं आयुष्य आधी माहीत असलं की कोणतीही रास त्याच्या अंगाला बरोबर बसते.

आणि उलटंही बघा. जपानचा शोगुन त्सुनायोशी 1646 चा, म्हणजे श्वानवर्षाचाच. ज्या 1680 साली शिवाजी महाराज गेले, त्याच साली तो सत्तेवर आला. त्याने प्राणिमात्रांवर दया करण्याचे कायदे केले आणि कुत्र्यांना विशेष संरक्षण दिलं. आपलं जन्मवर्ष कुत्र्याचं म्हणून त्याने तसं केलं, असं सांगतात. एदो शहराबाहेर हजारो कुत्र्यांसाठी छावण्या बांधल्या आणि त्यांचा खर्च लोकांच्या माथी आला. 1709 मध्ये तो वारला आणि कुत्र्यांचे ते कायदे मागे घेतले गेले. रास एकच, पण एकाच्या मागे छावण्या उरल्या नाहीत आणि दुसऱ्याच्या मागे शाळा उरल्या.

मग फरक कशाने पडला? शामरावांनी गहाण टाकलेल्या जमिनीने. अमरावतीच्या शाळेने. गरिबाच्या लेकराला शिकता यावं म्हणून वसतिगृह काढणाऱ्या माणसाच्या निश्चयाने. 1898 साली वऱ्हाडात जन्मलेल्या सगळ्याच लेकरांचं वर्ष कुत्र्याचं होतं, पण त्यातल्या किती जणांच्या गावात पुढचा वर्ग होता?

वर्गात करून बघा

मुलांना बारा प्राण्यांचे स्वभाव लिहून द्या, पण वर्षं झाका. कोणता स्वभाव आपला वाटतो ते विचारा आणि मग वर्षं उघडा. वर्गातली बहुतेक मुलं एकाच दोन वर्षांची असतात, हे त्यांच्याच लक्षात येईल. मग भाऊसाहेबांची गोष्ट सांगा.

आणि पालकहो, मूल मागं पडतंय असं वाटलं तर पत्रिका नंतर बघा. आधी त्याचे डोळे तपासा, त्याच्याजवळ बसून रोज एक पान वाचून घ्या. त्या वडिलांना मी हेच सांगितलं. फळ्यावरची अक्षरं पोराला नीट दिसतच नव्हती, हे तपासणीत कळलं. आता त्याला चष्मा आहे आणि तो पहिल्या बाकावर बसतो. साल त्याचं अजूनही कुत्र्याचंच आहे.